गुडघे कुणाचे, प्रश्न कुणाचे?

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी केंद्राला कुलूप लावत होते, तेवढ्यात शकुंतलामावशी कठडा धरून एकेक पायरी चढत वर आल्या. (नाव बदललं आहे.) दम खात म्हणाल्या, "ताई, पुढच्या सोमवारी मुलगा मला मोठ्या डॉक्टरांकडे नेतोय. तिथं गुडघ्यात नवीन गादी उगवून देतात म्हणे. तुम्ही याल का बरोबर? मला त्यांचं काही कळायचं नाही."

मावशींचं वय चोपन्न. पोळी-भाजी केंद्रात कामाला. पहाटे साडेचारला ओट्यापुढे उभ्या राहतात त्या अकरा वाजेपर्यंत, अडीचशे-तीनशे पोळ्या लाटून होईस्तोवर. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा कुरिअर कंपनीत आहे, सून शिवणकाम करते. गुडघेदुखी सहा-सात वर्षांपासूनची. मुलानं मोबाइलवर जाहिरात पाहिली: ऑपरेशन नाही, टाके नाहीत, तुमच्याच शरीरातल्या स्टेम सेल, एका दिवसात घरी. दोन्ही गुडघ्यांचे मिळून एक लाख चाळीस हजार. निम्मे मुलाने साठवलेले, निम्मे मावशींच्या पाटल्या मोडून.

पाटल्यांचं ऐकलं आणि माझ्या तोंडावर आलं होतं, "मावशी, जाऊ नका." ते मी गिळलं. का गिळलं ते आधी सांगते, कारण हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

चार वर्षांपूर्वी केंद्रावर एक आई आली होती. मुलगा पाच वर्षांचा, स्वमग्न. कुणीतरी तिला सांगितलं होतं की स्टेम सेलचे तीन डोस दिले की मूल बोलायला लागतं. मी तेव्हा नुकतंच वाचलेलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीने स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. मी ते तिला ठणकावून सांगितलं. माहिती खरी होती. सांगण्याची रीत चुकीची होती. तिच्या मनात काय चाललंय ते विचारायच्या आत मी निकाल देऊन मोकळी झाले. ती "बरं" म्हणाली, उठली, आणि पुन्हा आली नाही. नंतर कळलं की गावाकडची जमीन गहाण टाकून ती गेलीच. तिथे काय झालं, काय विचारायला हवं होतं, कुठल्या कागदावर सही केली, यातलं काहीही तिने कुणाला सांगितलं नाही. आणि ते सांगण्याची एक जागा मी माझ्या हाताने बंद केली होती.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन मतं पडली. एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "हा लुटीचा धंदा आहे. आपण बायकांना तयारी करून तिथे पाठवायचं म्हणजे लुटीला हातभार लावायचा." दुसरीचं म्हणणं, ही पैसेवाल्यांची दुखणी, आपला काय संबंध? दुसरीला मावशींच्या पाटल्यांनी उत्तर दिलं. पहिलीचं म्हणणं मात्र मला आजही पूर्ण खोडून काढता येत नाही. पण एवढं कळतं की बाई जाणारच असेल, तर ती एकटी आणि मुकी जाण्यापेक्षा प्रश्न घेऊन गेलेली बरी. आशा बाळगणं हा अडाणीपणा नव्हे. सहा वर्षं दुखणारा गुडघा घेऊन जगणाऱ्या बाईला आशा वाटू नये, असं म्हणणारी मी कोण?

तेव्हा आम्ही तीन संध्याकाळी बसलो.

पहिल्या दिवशी मी वही उघडून विचारलं, "मावशी, तुम्हाला नेमकं काय व्हायला हवंय?" हा प्रश्न सोपा वाटतो. तसा तो नाही. त्या म्हणाल्या, "गुडघे बरे व्हायला हवेत." ते तर कुणीही म्हणेल. मग दिवसभरात काय काय करता, कुठे अडतं, असं एकेक विचारत गेले. ओट्यापुढे उभं राहणं? "ते होतं. सवय झाली." जिना? "धरून होतं." बसमध्ये चढणं? "पुढच्या दाराने, कंडक्टर ओळखीचा आहे." मग त्या गप्प झाल्या. सून चहा ठेवून आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "संडासला बसता येत नाही ताई. बसलं तर उठता येत नाही. म्हणून मी सकाळी पाणीच पीत नाही. दुपारी घरी आल्यावर पिते."

सार्वजनिक संडास, खाली बसायचे, धरायला भिंतीत काही नाही. त्यासाठी ही बाई दोन वर्षं पहाटे चारपासून अकरापर्यंत, चार शेगड्यांच्या धगीत, पाण्याचा घोट न घेता उभी. मुलाला हे माहीत नव्हतं, सुनेला नव्हतं. तोपर्यंत दाखवलेल्या तीन डॉक्टरांपैकी एकालाही नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. मुलगा बरोबर असताना असलं सांगायचं कसं?

मी वहीत पहिली ओळ लिहिली: 'खाली बसून उठता आलं पाहिजे.' डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न त्यातूनच निघाला. या इंजेक्शनने मला खाली बसून उठता येईल का? 'आराम पडेल', 'फरक वाटेल' असली उत्तरं या प्रश्नाला चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कागद. मावशींनी प्लास्टिकची पिशवी आणली आणि जमिनीवर उपडी केली. दोन एक्स-रे, एक त्यात पाच वर्षांपूर्वीचा. नव्या एक्स-रेत त्यांना टेबलावर झोपवून फोटो काढलेला होता. गुडघ्याची झीज नीट दिसायची तर उभं राहून, पायावर भार देऊन फोटो काढावा लागतो. झोपून काढला तर हाडांमधली जागा असते त्याहून बरी दिसू शकते. झिजेच्या पायऱ्या असतात, शून्यापासून चारपर्यंत. आपला गुडघा कितव्या पायरीवर आहे हे ठाऊक नसेल, तर समोरचा देऊ करतो तो उपचार त्या पायरीसाठी आहे की नाही हे तरी कसं कळणार?

पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्याही होत्या. साखरेची एक, रक्तदाबाची एक, आणि एक वेदनाशामक. ती मेडिकलवाल्याने दिलेली. रोज दोन, कधी तीन. किती दिवसांपासून? "झाली की दोन वर्षं." ती गोळी इतका काळ घेतली तर मूत्रपिंडाला आणि पोटाला धोका, रक्तदाब वाढतो, वर पाणी पिणं बंद. पीआरपी देण्याआधीही या गोळ्या सहसा बंद करायला सांगतात. हे त्या जाहिरातीत कुठेही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासलं. क्रिएटिनिन वर गेलेलं निघालं. गुडघ्याच्या निमित्ताने हे कळलं, नाहीतर कधी कळलं असतं, देव जाणे.

म्हणून सांगते, कुठल्याही डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. चूर्ण, काढा, शेजारणीने दिलेलं तेल, सगळं. लाजू नका.

त्याच संध्याकाळी मी मला समजलं तेवढं मावशींना समजावलं. ही 'पुनरुज्जीवन' उपचारांची दुकानं एकाच पाटीखाली निरनिराळा माल विकतात. एक म्हणजे पीआरपी. दंडातून थोडं रक्त घ्यायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, आणि प्लेटलेटनी दाट झालेला पिवळसर भाग वेगळा करून गुडघ्यात टोचायचा. मावशी म्हणाल्या, "म्हणजे ताक घुसळून लोणी काढतात तसं." तसंच. पण हे लोणी म्हणजे स्टेम सेल नव्हे. प्लेटलेट आणि मूलपेशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा प्रकार म्हणजे कमरेच्या हाडातला मगज किंवा पोटावरची चरबी काढून त्यातल्या पेशी वापरणं. तिसरा, दुसऱ्या कुणी दान केलेल्या मगजातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेलं औषध. या तिसऱ्या प्रकारच्या एका औषधाला गुडघ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या झिजेसाठी भारताच्या औषध महानियंत्रकांनी परवानगी दिलेली आहे. २०२२ साली ते बाजारात आलं. म्हणजे सगळंच बनावट आहे असंही नाही. म्हणून तर प्रश्न नेमका विचारावा लागतो. यातलं काय देणार? त्याचं नाव काय? परवानगी कुणी दिली, आणि कशासाठी?

२०१७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून स्टेम सेल संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा गाभा असा: रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारांत रक्तपेशी बनवणाऱ्या मूलपेशींचं रोपण करतात, तो प्रस्थापित उपचार. बाकी बहुतेक सगळं संशोधनाच्या पातळीवर आहे आणि मंजूर चाचणीखेरीज कुणावर वापरू नये. चाचणी असेल तर ती सरकारी नोंदणीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये, नोंदवलेली असली पाहिजे. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाकडून प्रयोगाच्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे उपचार फुकट करून द्यावे लागतात. यावरून एक साधा पेच तयार होतो, आणि तो मावशींनी माझ्याआधी पकडला: "प्रयोग असेल तर पैसे कशाचे? आणि प्रयोग नसेल तर परवानगीचा कागद दाखवा." मी तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला.

गुण येतो का, यावरही बोललो. २०२१ साली ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्न इथे झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेली २८८ माणसं, गुडघ्याची झीज हलकी ते मध्यम. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचं पाणी, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. कुणाला काय टोचलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. वर्षभराने दुखणं मोजलं. शून्य ते दहाच्या मापावर पीआरपीवाल्यांचं २.१ ने कमी झालं होतं, मीठ-पाणीवाल्यांचं १.८ ने. हा फरक फरक म्हणण्याजोगा नव्हता. कूर्चाची झीजही थांबली नव्हती. पीआरपीने बरं वाटल्याचं सांगणारे इतर अभ्यास आहेत, तेही लपवू नये. पण त्यातले बरेचसे लहान आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेत पावणेपाचशेच्या आसपास रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात मगजातल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या पेशींची इंजेक्शनं साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी ताडून पाहिली होती. वर्षभराने तिन्हींपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे मीठ-पाण्यानंही दोन आणे बरं वाटतं?" वाटतं. दुखणं चढतं-उतरतं. फार दुखायला लागलं की माणूस डॉक्टरकडे जातो, त्यानंतर ते आपसूकही थोडं उतरतं. कुणीतरी लक्ष देतंय, हात लावून तपासतंय, याचाही गुण येतो. "मग आम्हाला मीठ-पाणीच द्या म्हणावं. स्वस्तात."

तिसरी संध्याकाळ तालमीची. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात 'रोल-प्ले' असायचा. आम्ही खिदळायचो आणि बाईंची बोलणी खायचो. तेव्हा वाटायचं, हा काय पोरखेळ. इथे मी डॉक्टर झाले, सून मावशींचा मुलगा झाली. मी मुद्दाम सुनेकडे बघून बोलत राहिले. मावशींनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मी तोडलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, गुडघे माझे आहेत." सून टाळ्या वाजवायला लागली आणि मावशी लाजल्या. हे वाक्य त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

सहीचाही विषय तेव्हाच निघाला. मुलगा म्हणाला होता, "सही मी करेन, आईला वाचता येत नाही." मावशींना सही करता येते आणि अक्षर लावून वाचताही येतं, वेळ लागतो इतकंच. मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा एक निकाल सांगितला. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची बाई, पाळीचा रक्तस्राव थांबेना म्हणून १९९५ साली डॉक्टरकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजकोश, सगळं काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसताना, सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असताना, तिच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही. नुकसानभरपाई मिळाली पंचवीस हजार, तीही तेरा वर्षांनी. रक्कम ऐकून मावशींनी कपाळाला हात लावला. पण मुद्दा त्यांच्या ध्यानात राहिला: पोटच्या पोराचीही सही चालत नाही.

इथे थोडं मागचं आठवतं. १९८० च्या दशकात हैदराबादजवळ पटनचेरूला बायकांना गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बोलावलं होतं, ही चाचणी आहे हे न सांगता. तिथल्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बायकांना ते समजावलं तेव्हा बऱ्याच जणी उठून गेल्या. १९८६ साली 'नेट-एन'विरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तेव्हा इंजेक्शन फुकट होतं आणि सरकार मागे लागत होतं. आता इंजेक्शनला लाख रुपये पडतात आणि बाई स्वतः दारात जाते. त्यामुळे आपल्याला ओरडायलाही जागा सापडत नाही. पण टोचलं जातंय काय हे तिला माहीत नसणं, ते तसंच आहे. आणि २०१९ साली बीडमध्ये काय निघालं ते आपण विसरलेलो नाही. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली. त्यांनीही कुठेतरी अंगठा उठवला होताच. कागदावर संमती होती.

आता सोमवार.

दवाखाना थंडगार, काचेचा. आधी एका मुलीने, पांढरा कोट घातलेल्या, लॅपटॉपवर चित्रफीत दाखवली. त्यात करडा गुडघा हळूहळू गुलाबी होत जातो. मी विचारलं, आपण डॉक्टर का? ती म्हणाली, "मी कोऑर्डिनेटर." आजच नोंदणी केली तर वीस हजार सूट. सूट ऐकून मुलाचा चेहरा उजळला. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी पदराखालची चिठ्ठी घट्ट धरली होती.

डॉक्टर आले, एक्स-रे उजेडाला धरला आणि मुलाशी बोलू लागले. तालमीत केलं होतं त्याहून भरभर. मावशींनी घसा खाकरला. आवाज कापत होता, पण म्हणाल्या, "साहेब, मी विचारू का? मला खाली बसून उठता येईल का?" डॉक्टर थांबले. म्हणाले, "खाली बसायचंच नाही आता, मावशी." "मग पैसे कशाचे?" मुलगा म्हणाला, "आई, असं नाही विचारायचं." डॉक्टर माझ्याकडे वळले, "इंटरनेटवर वाचून आलात का?" मी म्हटलं, प्रश्न त्यांचे आहेत, मी फक्त लिहून घेतेय.

पुढची दहा मिनिटं बरी गेली. न्यायाने सांगायचं तर त्या माणसाने काही उत्तरं सरळ दिली. देणार ते पीआरपीच आहे, मूलपेशी नाहीत. 'स्टेम सेल' हा शब्द जाहिरात करणाऱ्यांनी घातला, असं ते म्हणाले. आपल्याच दवाखान्याच्या पाटीबद्दल एखादा परका माणूस बोलावा तसे. झीज चौथ्या पायरीकडे झुकली आहे, गुण किती येईल सांगता येत नाही, हेही म्हणाले. हेच सगळं कागदावर लिहून द्याल का, असं मावशींनी विचारलं तेव्हा मात्र, "आमच्याकडे तशी पद्धत नाही." नोंदींची प्रत मागितली तर, "त्या दवाखान्याच्या मालकीच्या." हे खरं नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमांत, रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं स्पष्ट आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. त्या काचेच्या भिंतीवर धबधब्याचं चित्र होतं.

मावशींनी उठताना सांगितलं, "विचार करून सांगते." सूट तेवढ्यापुरतीच होती, ती गेली.

बाहेर आल्यावर मुलगा माझ्यावर चिडला, आणि त्याचा राग मला समजला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही तिची आशा मोडली. मी दोन वर्षं ओव्हरटाइम करून पैसे जमवले." त्याचं प्रेम खोटं नव्हतं. आईच्या दुखण्यासाठी पैसा बाजूला टाकणारी मुलं मी फार पाहिलेली नाहीत. बहुतेक घरांत बाईचा हात थांबला, पोळी लाटली गेली नाही, की मगच तिच्या शरीराकडे लक्ष जातं. हा मुलगा त्याआधीच जागा झाला होता. पण दोन वर्षांत त्याने आईला एकदाही विचारलं नव्हतं, तुला नक्की काय होतं? रस्त्याच्या कडेला, रिक्षाची वाट बघताना, मावशींनी त्याला संडासचं सांगितलं. तो काही बोलला नाही. बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला.

हे एका गुडघ्यापुरतं नाही, म्हणून इथे लिहिते. आमच्याकडे चाळिशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या बायका येतात, ज्यांना मूल हवंय आणि ज्यांना अंडाशयात पीआरपी टोचून ते 'तरुण' करण्याचं सांगितलं जातं. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली त्याची शिफारस केलेली नाही. केसांसाठी, चेहऱ्यासाठी तर गल्लोगल्ली. झिजलेली बाई, थकलेली बाई, वय झालेली बाई, तिला पुन्हा नवी करून देण्याचा हा बाजार आहे. ती कशाने झिजली हे मात्र तिथे कुणी विचारत नाही. साडेचार ते अकरा उभं राहायला लावणाऱ्या ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवावं, असं पोळी-भाजी केंद्राच्या मालकांना सुचलं नव्हतं. आम्ही जाऊन बोललो. एक स्टूल आलं, चौघींत मिळून.

सरकारी रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागात आम्ही नंतर गेलो. तिथेही काही सोनं लागलेलं नाही. तीन तास रांग, डॉक्टरांची दोन मिनिटं. पण उभं राहून एक्स-रे निघाला, ती वेदनाशामक गोळी बंद झाली, आणि फिजिओथेरपीच्या मुलीने वीस मिनिटं बसून व्यायाम शिकवले. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायामाची शिफारस सगळीकडचे तज्ज्ञ करतात. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात विकायला काही नाही. कृत्रिम सांध्याचंही तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. त्या सांध्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे ती वाट पूर्वीइतकी बंद नाही. पण तो निर्णय मावशींनी अजून घेतलेला नाही. साखर आटोक्यात आली की बघू, म्हणतात.

मुलाने त्याच आठवड्यात कमोडची खुर्ची आणली, अठराशे रुपयांची. मोरीत पडदा लावून ठेवली आहे. मावशी आता पहाटे कामाला जाताना पाण्याची बाटली नेतात. व्यायाम मात्र रोज होत नाही. लग्नसराईत पुरणपोळ्यांची ऑर्डर असली की दोन-दोन दिवस राहतो, आणि मग त्या केंद्रावर यायचं टाळतात, मी रागवेन म्हणून. पाटल्या हातात आहेत.

गेल्या महिन्यात त्यांनी ती प्रश्नांची चिठ्ठी मागून नेली. सुनेची आई कोल्हापूरला असते. तिला कुणीतरी पाठीच्या मणक्यात स्टेम सेल सांगितल्या आहेत.